घरच्या स्टिलवर आच आणि थंड पाणी कसं सांभाळायचं

स्टिल म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ परत गार करून अर्क काढायचं साधन. त्याच्या कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड पाण्याने गार करणाऱ्या भागाच्या, तोंडातून वाफ फुसफुसायला लागली की बहुतेक जणांचा हात पहिल्यांदा नळाकडे जातो. पाणी वाढवतात. थोडा वेळ बरं वाटतं, मग परत वाफ, मग नळ अजून मोठा, शेवटी बादल्याच्या बादल्या पाणी वाहून जातं आणि अर्क तरी कोमटच. हात आधी गॅसकडे जायला हवा होता. आच किती ठेवली त्यावर वाफ किती होणार ते ठरतं, पाण्याचं काम फक्त ती वाफ पेलायचं. पाण्याने आच कंट्रोल होत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या भानगडी मिटतात, बाकीच्या निम्म्यांसाठी खाली सगळं क्रमाने लिहितो.

आधीच सांगतो, हे सगळं झाडपाल्याचा अर्क म्हणजे हायड्रोसोल, सुगंधी तेल आणि साधं डिस्टिल्ड पाणी एवढ्यापुरतंच आहे. दारू काढायची असेल तर इथलं काहीही वापरू नका. अल्कोहोलची वाफ पेट घेते, उघड्या गॅसवर ते जिवावरचं काम आहे, आणि बऱ्याच देशांत परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे.

## आधी थोडा हिशोब, कंटाळू नका

१ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २,२५७ किलोज्यूल लागतात. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं ७ लिटर पाणी उकळीपर्यंत येतं, म्हणजे पाणी तापवणं सोपं, खरी ताकद वाफ करण्यात जाते. आणि ही सगळी उष्णता कंडेन्सरमध्ये परत बाहेर पडते, ती उचलून न्यायची जबाबदारी थंड पाण्याची.

आता थंड पाणी आत जाताना २५ अंश आणि बाहेर पडताना ४५ अंश धरा, म्हणजे २० अंशांचा फरक. १ लिटर अर्क ३० अंशांपर्यंत थंड करून मिळवायचा तर अंदाजे ३० लिटर पाणी लागतं. बाहेरचं पाणी ५५ अंशांपर्यंत तापू दिलं तर २० लिटरमध्ये भागतं. आणि नळ इतका मोठा सोडला की पाणी जेमतेम १० अंशच तापलं, तर तेवढ्याच अर्काला ६० लिटर जातात. माल तेवढाच, पाणी दुप्पट-तिप्पट.

विजेच्या शेगडीचंही सांगून ठेवतो. १५०० वॉट पूर्ण आत गेले तर मिनिटाला साधारण ४० मिली वाफ होते, ताशी २.४ लिटर. प्रत्यक्षात भांड्याच्या अंगातून बरीच उष्णता बाहेर जाते त्यामुळे कमीच मिळतं. पण १० लिटरच्या भांड्याला जोडलेला छोटा कंडेन्सर मिनिटाला ४० मिली पेलतच नाही बऱ्याचदा. १०-१५ मिलीवर तो सुखात असतो. म्हणजे शेगडी पूर्ण फिरवून ठेवायची गरज फक्त उकळी येईपर्यंत, पुढे नाही.

## १. मांडणी

इथे घाई केली की पुढे तीन तास निस्तरत बसावं लागतं.

भांड्याच्या टोपीपासून कंडेन्सरपर्यंत जाणारी नळी सतत उतरती हवी. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, वाफ त्याला ढकलत ढकलत जाते आणि तोंडाशी अर्क पिचकारीसारखा थुंकत येतो. लोकांना वाटतं आच जास्त झाली. आधी नळीचा झोळ बघा.

थंड पाणी कंडेन्सरच्या खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर. उलटं जोडलेले सेटअप मी इतके बघितलेत की आता कुणाकडे गेलो की आधी तेच बघतो. वरून पाणी सोडलं तर जॅकेट, म्हणजे वाफेच्या नळीभोवतालचं थंड पाण्याचं कवच, पूर्ण भरत नाही, आत हवा अडकून राहते आणि तेवढा भाग फुकट. शिवाय अर्क बाहेर पडतो त्या टोकाला सगळ्यात गार पाणी पाहिजे ना, ते खालूनच मिळतं.

पाण्याच्या पाइपला दोन्हीकडे क्लॅम्प लावा, नुसता दाबून बसवू नका. बाहेर जाणारा पाइप गरम पाण्याने मऊ पडतो आणि हळूच निसटतो, साध्या पीव्हीसीच्या पाइपचं हे ठरलेलं आहे. त्या बाजूला तरी सिलिकॉनचा पाइप घ्या. आणि त्याचं दुसरं टोक बादलीला किंवा मोरीला बांधून टाका, नाहीतर पाण्याच्या जोराने तो सापासारखा वळवळत बाहेर येतो.

पंप वापरत असाल तर त्यावर लिहिलेला ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितकं वर चढवाल तितका प्रवाह घटतो आणि पंपाच्या कमाल उंचीला तो शून्य होतो. म्हणून ड्रम शक्यतो कंडेन्सरच्या जवळपासच्या उंचीवर ठेवा. पंपाची वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली लोंबती ठेवा म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल.

सांधे बंद करायला टोपीच्या कडेला पिठाचा घट्ट लेप मला अजूनही सगळ्यात आवडतो. वाफेने तो भाजून पक्का होतो, आणि आत दाब वाढलाच तर पहिल्यांदा तोच फुटतो. हाच त्याचा फायदा आहे. सगळं बोल्ट मारून गच्च करणाऱ्यांना हे पटत नाही.

सावध: वाफेच्या वाटेवर कुठेही कॉक, व्हॉल्व्ह किंवा बूच नको. भांड्यापासून अर्काच्या तोंडापर्यंतची वाट कायम उघडी. प्रेशर कुकरचं स्टिल केलं असेल तर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तसाच जागेवर राहू द्या. अर्काच्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवू नका, त्याचं कारण बंद करायच्या टप्प्यात येईल.

तपासा: भांडं रिकामं असतानाच अर्काच्या तोंडातून फुंकर मारून बघा. हवा आरपार, बिनत्रास गेली पाहिजे.

## २. पहिली फेरी कोऱ्या पाण्याची

ही पायरी सगळे गाळतात. नवीन स्टिल, नवीन शेगडी किंवा नवीन कंडेन्सर आणला की एक फेरी नुसत्या पाण्याची काढायचीच. भांडं धुऊन निघतं तो बोनस, पण मुख्य काम म्हणजे आपल्या शेगडीचे आकडे आपल्याला कळतात.

भांड्यात अर्धं पाणी घ्या, उकळी आणा, अर्काची धार लागली की मोजायचा ग्लास आणि मोबाईलचा स्टॉपवॉच घेऊन बसा. शेगडीची एक पोझिशन पकडा, १० मिनिटं तशीच राहू द्या, मग १०० मिली भरायला किती वेळ लागतो ते बघा. १० मिनिटं लागली तर मिनिटाला १० मिली, ५ मिनिटं लागली तर २०. तेवढ्यातच बाहेर जाणाऱ्या थंड पाण्याखाली १ लिटरचा मग धरून त्यालाही किती सेकंद लागतात ते बघा, आणि दोन्हींचं तापमान घ्या. चार आकडे झाले. मग शेगडी एक घर वाढवा, परत १० मिनिटं थांबा, परत चार आकडे.

असं करत करत एक पोझिशन अशी येते की पाणी व्यवस्थित चालू असूनही अर्क गरम यायला लागतो. ती तुमच्या कंडेन्सरची हद्द. तिथून एक-दोन घरं खाली तुमची रोजची जागा. माझ्या वहीत पहिल्या पानावर हेच आहे, त्याच्यावर पाण्याचे डाग पडलेत, एक आकडा नीट वाचताही येत नाही, पण ते पान फाडून नवीन लिहायचा धीर होत नाही.

मिनिटाला १५ मिली अर्काला लागणारं थंड पाणी वरच्या हिशोबाने मिनिटाला अर्धा लिटर सुद्धा नाही होत. म्हणजे १ लिटरचा मग भरायला २ मिनिटं. ही धार करंगळीपेक्षा बारीक असते, बघून विश्वास बसत नाही, म्हणून तर मोजून बघा म्हणतोय.

शेगडी कुठली आहे त्याप्रमाणे वागणूक बदलते:

गॅस सगळ्यात आज्ञाधारक, फिरवला की लगेच ऐकतो. ज्वाळा भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका, आणि खोलीत हवा खेळती ठेवा कारण हे काम २-३ तासांचं असतं.

कॉइलची हॉटप्लेट उशिरा ऐकते. आत्ता कमी केली तर परिणाम काही मिनिटांनी दिसतो, तेवढ्यात लोक वैतागून अजून कमी करतात आणि मग धारच बंद पडते. एकदा फिरवलं की ५ मिनिटं हात मागे.

इंडक्शनचा घोळ वेगळा. बरेचसे इंडक्शन कमी पॉवरवर सलग चालतच नाहीत, काही सेकंद जोरात चालू, काही सेकंद पूर्ण बंद. अर्कही तसाच येतो, एक उमाळा, मग गप्प, मग उमाळा. ज्या सेटिंगपासून ते सलग चालतं ते शोधा आणि आच त्याहून कमी हवी असेल तर दुसरी शेगडी बघा. तांब्याचं भांडं साध्या इंडक्शनवर चालतच नाही हेही लक्षात असू द्या.

आणि थर्मोस्टॅट. १०० अंशांवर सेट करून निवांत झालो असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. पाणी एकदा उकळायला लागलं की आच दुप्पट केली तरी तापमान तेवढंच राहतं, नुसती वाफ दुप्पट होते. थर्मोस्टॅटला हा फरक कळणार कसा? एक तर तो कधी बंदच होत नाही किंवा उकळीच्या जरा आधीच कट मारतो. आपल्याला पॉवर कमी-जास्त करणारा रेग्युलेटर पाहिजे. याच कारणाने टोपीवरच्या थर्मामीटरचाही झाडपाल्याच्या कामात फार उपयोग नाही, वाफ सुरू झाल्यावर तो शेवटपर्यंत १०० च्या आसपासच दाखवत बसतो. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी, एवढाच काय तो फरक. बघायची ती धार.

## ३. भरणं

पाला पाण्यातच बुडवत असाल तर भांडं दोन तृतीयांशच्या वर नको. फेस येतो, तो नळीत चढतो आणि अर्क हिरवट गढूळ येतो. जाळीवर ठेवत असाल तर पाण्याची पातळी जाळीच्या ३-४ सेंटीमीटर खाली, नाहीतर उकळी पाल्याला लागते. गुलाबाच्या पाकळ्या मात्र पाण्यातच बऱ्या, जाळीवर वाफेने त्यांचा लगदा होऊन वाटच बंद होते.

पाणी किती घ्यायचं? जेवढा अर्क काढायचा त्याच्या दुप्पट. २ लिटर काढायचाय तर ४ लिटर. शेवटी निम्मं उरलं पाहिजे, बूड कोरडं पडता कामा नये.

काचेचा फ्लास्क असेल तर त्यात उकळीचे खडे किंवा काचेचे बारीक तुकडे आधीच टाका. नंतर आठवलं म्हणून गरम पाण्यात टाकलेत तर सगळं एकदम उसळून अंगावर येतं.

तपासा: पाला गच्च दाबून भरलाय का? वाफेला त्यातून समान वाट मिळाली पाहिजे. फार सैल भरला तर वाफ एकाच भोकातून वर जाते आणि बाकीचा पाला तसाच राहतो, फार गच्च भरला तर खाली दाब धरतो.

## ४. पाणी आधी, आच नंतर

क्रम हाच. थंड पाणी सुरू करा, कंडेन्सर पूर्ण भरू द्या, वरच्या तोंडातून सलग धार येतेय ना बघा, जॅकेट काचेचं असेल तर आत अडकलेला बुडबुडा दिसतो, कंडेन्सर जरा तिरका करून तो काढून टाका. मगच शेगडी लावा.

उकळी यायला अर्धा तास आहे तर पाणी तोवर फुकट कशाला वाहवायचं असं वाटतं. ठीक आहे, भरून झाल्यावर नळ अगदी बारीक करा, पण बंद नको. बंद केलेला नळ वेळेवर आठवत नाही, मी स्वतः दोनदा विसरलोय. आणि कोरड्या तापलेल्या काचेत एकदम गार पाणी सोडलं की ती तडकते.

## ५. उकळी, आणि आच कधी उतरवायची

सुरुवातीला शेगडी पूर्ण चालू द्या, ५ लिटर पाण्याला १५०० वॉटवर पाव ते अर्धा तास लागतो. इथे मोबाईल घेऊन बाहेर जाऊ नका, कारण सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं आता येणार आहेत.

भांड्याचा आवाज आधी सूं-सूं असा येतो, मग तो जाड होतो. टोपी खालून वर तापत जाते. हाताचा मागचा भाग टोपीच्या जवळ नेऊन, न लावता, ऊब कुठपर्यंत चढली ते बघत राहायचं. ऊब टोपीच्या गळ्यापर्यंत आली की आच लगेच निम्म्यावर आणा. अर्काचा पहिला थेंब पडायच्या आधी. पहिला थेंब पडल्यावर कमी केली तर उशीर झालेला असतो, विशेषतः हॉटप्लेटवर, आणि पहिला लोंढा वाफेसकट बाहेर येतो. तेलाचा हलका, सुगंधी भाग याच पहिल्या हप्त्यात असतो म्हणून तो घालवायचा नाही.

खोलीभर घमघमाट सुटला म्हणून काही जण खूश होतात. अहो, घरभर वास म्हणजे माल उडून चाललाय, बाटलीत नाही उतरत. चांगल्या चाललेल्या फेरीत वास फक्त बाटलीच्या तोंडाशी असतो.

## ६. धार लागल्यावर, दोन ठिकाणी हात

आता नळ आणि आच वहीतल्या आकड्यांवर आणा आणि १० मिनिटं काही करू नका. मग दोन गोष्टी बघायच्या, बाहेर पडणारा अर्क किती गरम आणि बाहेर जाणारं थंड पाणी किती गरम. या दोन उत्तरांवरून काय बिघडलंय ते कळतं.

अर्क गार, पाणी गरम, म्हणजे अर्क ३०-३५ च्या आत आणि पाणी ४५-५० च्या आसपास. झकास, हात लावू नका.

अर्क गार, पाणीही गारच. पाणी वाया जातंय. नळ बारीक करा, थोडा थोडा, दर वेळी ५ मिनिटं थांबून.

अर्क गरम, पाणीही गरम. वाफ जास्त किंवा पाणी कमी. आधी आच कमी करा. त्यानंतर निवांतपणे बघा की नळ आपोआप बारीक झालाय का, घरात दुसरीकडे कुणी नळ सोडला की इथला दाब पडतो, पाइप कुठे मुरगळतो, पंपाच्या जाळीला काडीकचरा चिकटतो.

अर्क गरम पण पाणी गार. इथे सगळे फसतात. पाणी भरपूर आहे, गारही आहे, तरी अर्क गरम, म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाहीये. कंडेन्सर लहान पडतोय, किंवा आत क्षाराचा थर आहे, किंवा बुडबुडा अडकलाय. इथे नळ कितीही सोडा, काडीचा फरक पडणार नाही. आच कमी करा आणि ही फेरी तशीच धीम्या गतीने संपवा, कंडेन्सरचं नंतर बघू.

अजून एक प्रकार, भांडं उकळतंय पण धार एकदम बारीक. सांध्यातून वाफ गळतेय का बघा, आरशाचा तुकडा सांध्याजवळ धरला की धुकं धरतं. तिथे नसेल तर टोपी उघड्या वाऱ्यात आहे का बघा, गार हवेने वाफ टोपीतच पाणी होऊन परत खाली पडते. टोपी आणि नळीभोवती जाड फडकं गुंडाळलं की धार परत येते, गॅस असेल तर फडकं ज्वाळेपासून लांब, हे सांगायला नको.

सावध: सगळ्याच मालाला गारेगार कंडेन्सर चालत नाही. बडीशेप, चक्रफूल यांच्या तेलात अ‍ॅनेथॉल असतं आणि ते २० अंशांच्या आसपास गोठतं. गुलाबाचं तेलही गार झालं की घट्ट होतं. मी एकदा बडीशेपेला बर्फाचं पाणी लावलं होतं, चांगलं तेल मिळेल म्हणून. तासाभराने धार थेंबावर आली, मी आच वाढवली (हो, मीच), आणि मग टोपीच्या कडेचा पिठाचा लेप एका जागी फुगला, त्यातून बुडबुडे यायला लागले आणि सूंऽऽ करून वाफ सुटली. गॅस बंद. अर्काच्या तोंडात बघितलं तर पांढरे चकचकीत खडे, साखर चिकटल्यासारखे, नळी जवळपास बुजलेली. लेपाच्या जागी पक्कं गॅस्केट आणि बोल्ट असते तर काय झालं असतं याचा विचार नंतर रात्री आला. अशा मालाला अर्क ३५-४० अंशांवर येईल इतपतच पाणी ठेवा, बर्फ अजिबात नाही. धार अचानक मंदावली तर आच वाढवायची नाही, आधी नळी बुजली नाही ना ते बघायचं.

## ७. ड्रम, फिरतं पाणी आणि बर्फ

पाणी वाया घालवायचं नसेल तर ड्रम आणि पंप. पण ड्रमलाही हद्द आहे. ५० लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांपर्यंत जाईस्तोवर दीड लिटरच्या थोडा वर अर्क निघतो, मग पाणी बदला किंवा थांबा. बर्फाचं म्हणाल तर १ किलो बर्फ वितळून ४५ अंशांपर्यंत तापेपर्यंत जेमतेम २०० मिली अर्काची उष्णता खातो. चार ट्रे बर्फ टाकून काही होत नाही ते यामुळे. बर्फ लावायचाच तर बाटल्यांत गोठवलेला घ्या आणि शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा.

कंडेन्सर म्हणून पिंपात बुडवलेली वेटोळी नळी (कॉइल) असेल तर पिंपातलं वरचं पाणी कढत आणि तळाचं गार असणार, ते तसंच राहू द्या. ढवळू नका! वर ६०-७० अंशांचं पाणी असलं तरी १०० अंशांची वाफ तिथे आरामात पाणी होते, अर्क गार करायचं काम तळाचं. नवीन गार पाणी पाइपने थेट तळाशी सोडा आणि वरचं कढत पाणी कडेवरून वाहू द्या. वरून बादली ओतली की सगळं कालवलं जातं आणि तळ कोमट होतो. ते वरचं कढत पाणी पुढच्या फेरीला भांड्यात भरायला वापरता येतं, उकळीचा वेळ बराच वाचतो.

## ८. मध्येच पाणी गेलं तर

आच बंद. लगेच. हॉटप्लेट असेल तर भांडं उचलायच्या फंदात न पडता नुसती बंद करा आणि खिडक्या उघडा, थोडी वाफ बाहेर जाईल, जाऊ दे. पाणी परत आलं म्हणून तापलेल्या काचेच्या कंडेन्सरमध्ये तसंच सोडू नका. हात लावण्याइतका गार होऊ द्या, मग बारीक धारेने सुरू करा, मग आच.

पाण्याचा पाइप निसटला तरी हेच. आधी शेगडी, मग पाइप. वाहतं पाणी बघून माणूस आधी पाइपकडे धावतो, पण पाइपमधलं पाणी गरम असतं आणि शेजारी चालू शेगडी असते.

## ९. बंद करताना

कधी थांबायचं ते ठरवलेल्या मापावर ठरवा, भांड्यात किती शिल्लक आहे ते अंदाजाने नको. ४ लिटर घातलं होतं, २ लिटर निघाला, बास. अर्काला उकडलेल्या पालेभाजीसारखा किंवा करपट वास यायला लागला तर त्याच्याही आधी थांबा.

क्रम असा: आधी अर्काची बाटली बाजूला घ्या, मग आच बंद, थंड पाणी आणखी १०-१५ मिनिटं चालू. बाटली आधी काढायचं कारण, आच बंद झाली की भांड्यातली वाफ आकसते आणि आत ओढ तयार होते. नळीचं टोक अर्कात बुडलेलं असेल तर तो अर्क उलटा चढून थेट भांड्यात जातो. दोन तासांची कमाई पाल्यात परत! आणि नळी बुजली असेल तर पातळ पत्र्याचं भांडं आतल्या आत चेपूही शकतं.

टोपी लगेच उघडू नका. पालाच बराच वेळ वाफ सोडत राहतो. १५-२० मिनिटांनी, स्वतःकडून दुसऱ्या बाजूला कलवून उघडा.

## १०. पुढच्या फेरीआधी

कंडेन्सरमधून गरम असतानाच साधं पाणी जाऊ द्या, तेलकट थर लवकर सुटतो. पाणी जड असेल तर जॅकेटच्या आत पांढरा थर धरतो, जिथे पाणी सगळ्यात गरम होतं तिथे म्हणजे वरच्या बाजूला जास्त. सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून जॅकेट भरून तासभर ठेवा आणि धुऊन टाका. ते झाल्यावर त्याच आचेवर, तेवढ्याच पाण्यात १०० मिलीला किती मिनिटं लागतात आणि अर्क किती अंशांवर येतो ते परत एकदा मोजून वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहा.